हृदयविकाराची पूर्वसूचना



१२ एप्रिल १९४५ रोजीं अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट हे जॉर्जिया संस्थानांतील वॉर्म स्प्रिंग्ज येथें मेंदूंत रक्तस्राव होऊन मरण पावले. त्यांचें वय ६३ वर्षांचें होतें. महायुद्धांतील विजय दृष्टिपथांत आला असतांना झालेला हा मृत्यु जगाला आकस्मिक वाटला. पण तो खरोखर आकस्मिक होता काय? मार्च १९४४ मध्यें डॉ. हॉवर्ड ब्रून यांनीं त्यांना तपासलें, तेव्हांच रक्तदाब १८६/१०८ भरला होता आणि हृदयाचा आकार वाढलेला होता. मृत्यूच्या दिवशीं वरचा आंकडा ३०० च्याहि पुढें गेला.

अध्यक्षांच्या दिमतीस नामांकित डॉक्टर असतांना असें कां व्हावें? विश्रांति, मीठ कमी करणें आणि डिजिटॅलिस यांपलीकडे डॉ. ब्रून यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. शिवाय वयपरत्वें रक्तवाहिन्या ताठर होतात, म्हणून त्यांतून रक्त ढकलण्यास दाब वाढणें अवश्यच आहे, अशी त्या काळीं अनेक डॉक्टरांची समजूत होती.

ही समजूत कसोटीस लावण्याचें श्रेय एका लहानशा नगरास आहे. १९४८ सालीं बोस्टनच्या पश्चिमेस असलेल्या फ्रॅमिंगहॅम येथें ३० ते ६२ वर्षे वयाच्या ५,२०९ स्त्रीपुरुषांची पाहणी सुरू झाली. रोग जडल्यावर माणसाकडे पाहण्याची रीत सोडून, धडधाकट माणसें दर दोन वर्षांनीं तपासावयाचीं आणि पुढें कोणास हृदयविकार होतो हें धीरानें पाहावयाचें, अशी ही योजना होती. १९६१ सालीं डॉ. विल्यम कॅनेल व त्यांचे सहकारी यांनीं पहिल्या सहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांचा रक्तदाब किंवा रक्तांतील कोलेस्टेरॉल अधिक, त्यांना हृदयविकारहि अधिक, असें त्यांत दिसून आलें. धूम्रपान, मधुमेह, स्थूलता व व्यायामाचा अभाव हीं कारणें पुढें या यादींत आलीं.

हीं कारणें शरीरांत काय करतात? हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आंतल्या चरबीच्या थरानें अरुंद झाल्या, म्हणजे श्रम होतांच छातींत कळ येते. तेथेंच रक्ताची गुठळी होऊन मार्ग बंद झाला, तर स्नायूचा भाग मरूं लागतो. हाच हृदयविकाराचा झटका. वाढलेल्या दाबाशीं वर्षानुवर्षे झुंजून हृदय दुबळें झालें, तर दम लागतो व पाय सुजतात.

असें एखादें कारण आपणांत आढळलें म्हणजे तो ललाटलेख ठरला, असें समजूं नये. त्यानें धोका वाढतो, आणि कारण आटोक्यांत आणलें तर धोकाहि घटतो. मात्र वाढलेला रक्तदाब माणसास बहुधा जाणवत नाहीं; तो मोजावाच लागतो. रूझवेल्ट यांना जें औषध मिळूं शकलें नाहीं, तें आज साध्या दवाखान्यांतहि मिळतें. दंडाला पट्टा बांधून घेण्याइतकी सवड मात्र आपण काढली पाहिजे.