नाथसागर परिसंस्था

नाथसागर परिसंस्था ही महाराष्ट्रातील छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांत पसरलेल्या, गोदावरी नदीवरील जायकवाडी धरणाच्या जलाशयाची व त्याच्या काठाची परिसंस्था आहे. पैठण येथे बांधलेल्या या धरणाच्या जलाशयास संत एकनाथांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. धरण पैठणला असले तरी प्रकल्पाचे नाव जायकवाडी हे बीड जिल्ह्यातील एका गावावरून आले आहे; प्रकल्पाची मूळ कल्पना त्या गावाजवळच्या जागेसाठी होती. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली व १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. १९८६ मध्ये जलाशय व काठाचा प्रदेश पक्षी अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आला.

परिसंस्थेत ऊर्जा आणि द्रव्य यांचे वहन कसे होते, हे समजून घेण्यासाठी नाथसागर हे एक सोयीचे उदाहरण आहे. येथे ऊर्जा सूर्यप्रकाशाच्या रूपाने येते आणि उष्णतेच्या रूपाने कायमची निघून जाते. कार्बन, नायट्रोजन, फॉस्फरस यांसारखी द्रव्ये मात्र पाणी, गाळ, वनस्पती, मासे, पक्षी आणि माणसे यांच्यामधून पुन:पुन्हा फिरत राहतात.

स्वरूप

जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे २,९०९ दशलक्ष घनमीटर असून त्यांपैकी सुमारे २,१७१ दशलक्ष घनमीटर उपयुक्त साठा व उरलेला मृतसाठा आहे. पूर्ण भरल्यावर पाण्याखाली जाणारे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर आहे. या दोन आकड्यांवरून भरलेल्या जलाशयाची सरासरी खोली साधारण आठ मीटर निघते. एवढ्या विस्ताराच्या मानाने ही खोली फारच कमी आहे. सह्याद्रीतील अरुंद दऱ्यांत बांधलेल्या धरणांपेक्षा नाथसागर वेगळा ठरतो तो येथेच. सपाट पठारावर पसरलेले उथळ पाणी, विस्तीर्ण दलदलीचे काठ आणि पातळी थोडी उतरताच उघडी पडणारी मैलोगणती जमीन ही त्याची लक्षणे आहेत.

जीवसंहतींच्या दृष्टीने हा जलाशय दोन प्रदेशांना जोडतो. गोदावरी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिला मिळणाऱ्या प्रवरेचे पाणीही सह्याद्रीतीलच आहे. मुसळधार पावसाच्या डोंगरांतून निघालेले हे पाणी पर्जन्यछायेतील कोरड्या, काटेरी झुडपांच्या आणि काळ्या मातीच्या पठारावर येऊन थांबते. नाथसागरात साठणारे बहुतेक पाणी व त्यातील विरघळलेली खनिजे ही म्हणून मराठवाड्याबाहेरच्या पावसाची देणगी आहे.

ऊर्जेचे वहन

मराठवाड्यात वर्षभराच्या सरासरीने दर चौरस मीटर पृष्ठभागावर दिवसाला साधारण पाच ते साडेपाच किलोवॅट-तास एवढी सौर ऊर्जा पडते. जलाशयावर पडणाऱ्या या ऊर्जेचा बहुतांश भाग पाणी तापवण्यात आणि बाष्पीभवनात खर्च होतो. एक लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४ लाख ज्यूल ऊर्जा लागते. उथळ व पसरट जलाशयात पाण्याच्या प्रमाणात पृष्ठभाग मोठा असल्याने उन्हाळ्यात बाष्पीभवनाने होणारी घट सिंचनाच्या हिशेबातही दुर्लक्षिता येत नाही.

प्रकाशसंश्लेषणाच्या वाट्याला येते ती उरलेली अत्यल्प ऊर्जा, साधारणपणे पडलेल्या प्रकाशाच्या एक टक्का किंवा त्याहूनही कमी. ती बांधून ठेवणारे उत्पादक दोन प्रकारचे आहेत. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म वनस्पतिप्लवक, म्हणजे डायाटम, हरित शैवले व नील-हरित शैवले, हा पहिला प्रकार. उथळ पाण्यात तळाशी रुजलेल्या किंवा बुडून वाढणाऱ्या हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, पोटॅमोजेटॉन, कारा यांसारख्या पाणवनस्पती हा दुसरा. पावसाळ्यात पुराबरोबर येणाऱ्या गाळामुळे पाणी गढूळ होते, प्रकाश खोलवर जात नाही आणि पोषक द्रव्ये मुबलक असूनही उत्पादन मंदावते. गाळ खाली बसून पाणी निवळते ते हिवाळ्याच्या सुमारास. स्थलांतरित पक्ष्यांचे आगमन नेमके याच काळात होते.

उत्पादकांनी साठवलेली ऊर्जा पुढच्या पोषणपातळीवर जाताना प्रत्येक टप्प्यावर घटते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका लहान तळ्याचा अभ्यास करून रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये ही कल्पना मांडली. परिसंस्था ही संज्ञा त्याआधी १९३५ मध्ये आर्थर टॅन्स्ली यांनी वापरात आणली होती. पाठ्यपुस्तकांत सांगितला जाणारा 'दहा टक्क्यांचा नियम' लिंडमन यांच्या कामातून पुढे आला. तो अंदाज आहे. प्रत्यक्षात हे प्रमाण साधारण पाच ते वीस टक्क्यांपर्यंत बदलते. उरलेली ऊर्जा श्वसनात उष्णता होऊन जाते, किंवा न खाल्लेल्या व न पचलेल्या द्रव्याच्या रूपात विघटकांकडे वळते.

नाथसागरावरील पक्ष्यांची संख्या या घटीच्या आधारे बऱ्याच अंशी समजते. पाणवनस्पती खाणारा वारकरी (चांदवा) किंवा चोचीने चिखलपाणी गाळून शैवले व सूक्ष्म प्राणी टिपणारा रोहित हे उत्पादकांच्या जवळचे भक्षक आहेत. त्यांचे थवे म्हणून मोठे असू शकतात. चमचा व उघड्या चोचीचा करकोचा हे अनुक्रमे लहान जलचर आणि गोगलगायी-शिंपल्यांवर जगतात. याउलट, मोठे मासे पकडणारा कैकर चौथ्या किंवा पाचव्या पातळीवरचा शिकारी आहे. एवढ्या मोठ्या जलाशयावरही तो तुरळकच दिसतो. मूळच्या १,००० एकक ऊर्जेपैकी त्याच्यापर्यंत एक एकक किंवा त्याहूनही कमी पोहोचते.

या वर्णनात एक त्रुटी राहते. उथळ जलाशयांत ऊर्जेचा मोठा भाग जिवंत वनस्पतींकडून नव्हे, तर मृत सेंद्रिय द्रव्याच्या वाटेने जातो. कुजणाऱ्या पाणवनस्पती, पुराबरोबर आलेला पालापाचोळा आणि शेण-मातीचे कण यांवर जिवाणू वाढतात, त्यांवर तळातील अळ्या व कृमी, आणि त्यांवर चिखलात चोच खुपसणारे तुतारीवर्गीय पक्षी. चिखलाचे काठ हे नाथसागराचे सर्वांत समृद्ध अन्नक्षेत्र असण्याचे कारण हेच होय.

द्रव्याचे वहन

कार्बन व नायट्रोजन यांच्या चक्रांना वातावरणाची साथ असते. नील-हरित शैवलांच्या काही जाती हवेतील नायट्रोजनचे स्थिरीकरण करतात, तर तळाच्या प्राणवायूविरहित चिखलात विनायट्रीकरण करणारे जिवाणू तो पुन्हा हवेत सोडतात. फॉस्फरसला असा वायुरूप मार्ग नाही. तो खडक, माती, खत, मैला किंवा विष्ठेतून येतो आणि गाळात बसतो. गोड्या पाण्यात वाढीची मर्यादा बहुधा तोच ठरवतो. नाथसागराचा तळ उथळ असल्याने वाऱ्याच्या लाटांनी गाळ ढवळला जातो व त्यात बसलेला फॉस्फरस काही अंशी पुन्हा पाण्यात येतो.

जलाशयात येणाऱ्या पोषक द्रव्यांचा एक स्रोत वरच्या खोऱ्यातील ऊस, कांदा व द्राक्षांची शेती हा आहे. दुसरा स्रोत अधिक जवळचा आहे. छत्रपती संभाजीनगर शहराला पिण्याचे पाणी नाथसागरातून जलवाहिनीने पुरवले जाते, आणि शहरातून वाहणारी खाम नदी दक्षिणेकडे जाऊन गोदावरीच्या याच भागाला मिळते. शहराने वापरलेल्या पाण्याचा जो भाग पुरेशा प्रक्रियेविना खामच्या पात्रात जातो, तो नायट्रोजन व फॉस्फरस घेऊन पुन्हा जलाशयाच्या दिशेने येतो. हे चक्र नैसर्गिक चक्रासारखेच बंद आहे, फक्त त्यात विघटनासाठी लागणारा वेळ व जागा मिळत नाही. पोषक द्रव्ये साचली की शैवले माजतात. ती मेल्यावर त्यांच्या विघटनात पाण्यातील प्राणवायू खर्च होतो आणि मासे गुदमरतात. या प्रक्रियेस सुपोषण म्हणतात. संज्ञा काहीशी फसवी आहे, कारण परिणाम पोषणाच्या उलट होतो. अलीकडच्या वर्षांत खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेण्यात आले आहे.

जलाशयातून द्रव्य बाहेर जाण्याचे मार्गही अनेक आहेत. २०८ किलोमीटर लांबीचा डावा व १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा विरघळलेली द्रव्ये शेतांपर्यंत नेतात. मासेमारीतून फॉस्फरस व नायट्रोजन माशांच्या रूपाने बाजारात जातात. रोहू, कटला, मृगळ यांबरोबर तिलापिया हा मूळचा आफ्रिकी मासाही येथील अन्नजाळ्यात शिरला आहे. गाळ मात्र बाहेर पडत नाही. गोदावरी पूर्वी पुराच्या काळात जो गाळ खालच्या काठांवर पसरत असे, त्यातील पुष्कळसा आता धरणामागे अडकतो.

पक्षी आणि दूरच्या जीवसंहती

हिवाळ्यात येणारे पट्टकादंब तिबेट व मध्य आशियातील उंच पठारांवर, तर कांड्या करकोचे मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशांत वीण करतात. दोघेही रात्री पाण्याच्या आसऱ्याला राहतात आणि दिवसा आसपासच्या हरभरा-गव्हाच्या शेतांत चरतात. शेतातील धान्य खाऊन विष्ठा जलाशयात टाकल्याने जमिनीवरचे नायट्रोजन व फॉस्फरस पाण्यात येतात. वसंत ऋतूपूर्वी अंगात साठवलेली चरबी हिमालय ओलांडताना खर्च होते. मराठवाड्यातील शेतावर पडलेल्या उन्हाची ऊर्जा अशा रीतीने हजारो किलोमीटर दूरच्या जीवसंहतीपर्यंतच्या प्रवासात कामी येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थात हे पिकाचे नुकसान आहे.

पातळीतील चढउतार आणि गाळपेर

नाथसागरातील ऊर्जा व द्रव्याचे वहन सर्वांत अधिक ठरते ते पाण्याच्या पातळीवरून, आणि पातळी ठरते ती पावसाइतकीच वरच्या धरणांवरून. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांनी किती पाणी सोडावे, हा जुना वाद आहे. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरच्या सुमारास जायकवाडीतील साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास वरून पाणी सोडण्याची तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले. हा वाद शेती व पिण्याच्या पाण्यापुरता मांडला जातो. हिवाळ्यात किती काठ ओला राहील आणि किती पक्ष्यांना अन्न मिळेल, हेही त्याच निर्णयांतून ठरते. २०१६ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यातून पाणी उपसावे लागले होते.

पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या सुपीक जमिनीवर पिके घेण्याच्या पद्धतीस गाळपेर म्हणतात. गाळात साठलेली पोषक द्रव्ये येथे पाण्यातून पिकात व पिकातून माणसाकडे जातात. धरणामुळे जमिनी गेलेल्या कुटुंबांना या शेतीचा आधार आहे. तथापि या पट्ट्यात वापरलेली खते व कीटकनाशके पुढच्या पावसाळ्यात थेट जलाशयात मिसळतात, आणि पक्ष्यांची चिखलाची चराऊ जागा नांगराखाली जाते. भोई समाजातील मासेमार, गाळपेर करणारे शेतकरी आणि अभयारण्याचे नियम यांचे हितसंबंध याच पट्ट्यात एकमेकांवर येतात.

तरंगता सौर प्रकल्प

जलाशयाच्या पृष्ठभागावर तरंगता सौर वीजप्रकल्प उभारण्याच्या प्रस्तावामुळे येथील ऊर्जेचा प्रश्न शब्दशः चर्चेत आला. मासेमारांच्या वतीने त्यास आव्हान देण्यात आले व प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे आणि नंतर सर्वोच्च न्यायालयापुढे गेले. झाकलेल्या भागात बाष्पीभवन घटते, हा अशा प्रकल्पांच्या बाजूचा प्रमुख मुद्दा आहे. त्याच भागात वनस्पतिप्लवकांना मिळणारा प्रकाशही घटतो आणि वाऱ्याने होणारे पाण्याचे मिश्रण मंदावते. किती क्षेत्र झाकले जाते आणि ते खोल पाण्यात आहे की उथळ काठाजवळ, यावर अन्नजाळ्यावरील परिणाम अवलंबून राहतो. उथळ काठाचा एक चौरस किलोमीटर हा खोल पाण्याच्या तेवढ्याच क्षेत्राशी समतुल्य नाही.