मद्यपान आणि रोगप्रतिकारशक्ती : क्षयरुग्णांना दुहेरी धोका

निलंगा, प्रतिनिधी

कर्नाटकच्या सीमेलगतचा निलंगा तालुका असो वा मुंबई-पुण्यासारखे महानगर, 'थोडी घेतली की सर्दी-खोकला पळतो' हा समज सर्वत्र आढळतो. करोनाच्या साथीत, २०२० मध्ये, दारूने विषाणू मरतो अशी अफवाही पसरली होती. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हात निर्जंतुक करण्याच्या द्रावणात किमान ६० टक्के अल्कोहोल लागते. मद्यधुंद व्यक्तीच्या रक्तात ते अर्धा टक्काही नसते. एवढ्याने जंतू मरत नाहीत; दुबळ्या होतात त्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी.

पांढऱ्या पेशींवरील परिणाम

संसर्गाच्या जागी सर्वप्रथम धावून जातात त्या न्यूट्रोफिल पेशी. मद्यामुळे त्यांची हालचाल मंदावते. जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशींची क्षमता घटते आणि दीर्घकाळ पिणाऱ्यांत टी पेशींची संख्याही कमी होते. २०१५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना एकाच बैठकीत भरपूर मद्य देण्यात आले. पहिल्या २० मिनिटांत त्यांची प्रतिकारयंत्रणा उत्तेजित झालेली दिसली. मात्र दोन ते पाच तासांनी रक्तातील काही संरक्षक पेशी नेहमीपेक्षा घटल्या होत्या.

आतड्यातून यकृताकडे

एकीकडे प्रतिकारशक्ती घटत असताना दुसरीकडे शरीरात दाह वाढतो. अतिमद्यपानाने आतड्याचे अस्तर सैल होते. तेथील जीवाणूंचे विषारी घटक रक्तावाटे यकृतात पोहोचतात. यकृतातील कुप्फर पेशी त्यामुळे चेतवल्या जाऊन दाह निर्माण करणारी रसायने सोडतात. हा दाह वर्षानुवर्षे चालू राहिल्यास यकृताच्या पेशी मरून तेथे व्रणासारखे तंतू तयार होतात. सिरॉसिसकडे जाणारा हा एक प्रमुख मार्ग आहे.

क्षयरोगाशी संबंध

भारतात या साऱ्याचे सर्वांत गंभीर रूप क्षयरोगात दिसते. क्षयाचे जंतू फुप्फुसातील भक्षक पेशींमध्येच ठाण मांडतात. प्रतिकारशक्ती शाबूत असेल तर ते अनेक वर्षे निद्रिस्त राहतात. ती खालावली की रोग उफाळतो. दिवसाला ४० ग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल घेणाऱ्यांना किंवा मद्याच्या आहारी गेलेल्यांना क्षयरोगाचा धोका सुमारे तिप्पट असल्याचे जागतिक संशोधनाच्या एकत्रित आढाव्यातून २००८ मध्ये दिसून आले. व्हिस्कीचे ६० मिलीलिटरचे दोन पेग म्हणजे साधारण ४० ग्रॅम. १८० मिलीलिटरच्या 'क्वार्टर'मध्ये ते सुमारे ६० ग्रॅम भरते.

उपचारातही मद्य आड येते. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन व पायराझिनामाइड ही क्षयरोगावरील औषधे यकृतावर ताण आणतात. त्यात दारूची भर पडल्यास काविळीचा धोका वाढतो. औषधे मध्येच सुटली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होऊ शकतात. अशा रुग्णाकडून घरातील लहान मुलांना व वृद्धांना लागण होण्याची भीती असते.

काय करावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला, सायंकाळचा ताप किंवा वजनात घट असल्यास तपासणी करून घ्यावी. निलंग्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही सरकारी रुग्णालयात क्षयरोगाची तपासणी व औषधे मोफत मिळतात. मद्यपानाची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये. औषधांची निवड आणि यकृताच्या तपासण्या त्यावर ठरतात. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकदम बंद केल्यास थरथर, भ्रम वा झटके येऊ शकतात. म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. पुण्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रांत, तसेच १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर मार्गदर्शन मिळते.

मद्य थांबवल्यावर आतड्याचे अस्तर काही आठवड्यांत बऱ्याच अंशी सावरू लागते आणि दाहही उतरतो. सिरॉसिस जडल्यानंतर मात्र यकृत पूर्ववत होणे कठीण असते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केल्यानुसार मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही.