बारबारचं देऊळ, समाहीजचा क्रूस

मंडळी, शुक्रवारच्या मिस्सेनंतर एकदा मुलांना मॉलऐवजी बारबारला न्या. साधारण 4000 वर्षांपूर्वीची तीन देवळं, एकावर एक! पहिलं जुनं झालं की त्याच जागेवर दुसरं, मग तिसरं. बाजूला गोड्या पाण्याचा झरा, पायऱ्या उतरून जायचा. 1954 पासून डॅनिश संशोधकांनी इथे खोदकाम केलं. सापडलेलं तांब्याचं बैलाचं डोकं आपल्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. खाऱ्या समुद्रातल्या बेटावर गोडं पाणी उसळतंय, माणूस हात जोडणारच की.

"पण मम्मी, त्यांचा देव खोटा ना?" लेकीने विचारलं. मी तिला अथेन्समधला संत पौल सांगितला. अज्ञात देवाची वेदी बघून त्याने टिंगल केली नाही, तिथूनच बोलायला सुरुवात केली. मला वाटतं, बारबारवाल्यांची तहान खरी होती; पत्ता तेवढा माहीत नव्हता.

आता समाहीज. मुहर्रकमधल्या या गावच्या कब्रस्तानात एक्सेटर विद्यापीठाच्या आणि बहरीनच्या संशोधकांना चौथ्या ते आठव्या शतकातली ख्रिस्ती इमारत सापडली. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, गिलाव्यातले क्रूस. आपलं सेक्रेड हार्ट 1939 मध्ये बांधलेलं, आणि आपण समजतो इथली पहिली प्रार्थना आपलीच! (सीए असून हिशोबात हजारएक वर्षं सुटली होती माझी.)

आजूबाजूला सगळी घरं झाली, तरी ते टेकाड वाचलं. का? गेल्या तीनशे वर्षांत कधीतरी त्याच्यावर मशीद बांधली गेली होती.