निबंधांच्या गठ्ठ्यामागची माणसे

१/ १८७६ साली हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांची एका कामातून सुटका झाली. ते काम होते विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासण्याचे, आणि चाइल्ड ते २५ वर्षे करीत आले होते. अमेरिकेच्या महाविद्यालयांत निबंधलेखन शिकवणारी माणसे कोण होती, कुठून आली आणि त्यांचे मन कशात रमत होते, याविषयीचा हा थ्रेड.

२/ हार्वर्डमधील वक्तृत्वविद्येच्या ‘बॉइल्स्टन’ अध्यासनावर १८०६ साली पहिली नेमणूक झाली ती जॉन क्विन्सी ॲडम्स यांची. ते त्या वेळी सिनेटचे सदस्य होते आणि पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. विद्यार्थ्याला न्यायालयात, सभेत किंवा चर्चच्या व्यासपीठावर बोलता यावे, हा त्या अध्यापनाचा हेतू. १८१९ मध्ये आलेले एडवर्ड चॅनिंग हे वकिलीचे शिक्षण घेतलेले, नियतकालिकाचे माजी संपादक. त्यांच्या ३२ वर्षांच्या कारकिर्दीत भर बोलण्याकडून लिहिण्याकडे सरकला. इमर्सन आणि थोरो हे त्यांचे विद्यार्थी.

३/ चॅनिंग यांच्या जागी १८५१ मध्ये आलेले चाइल्ड हे बोस्टनमधील शिडे शिवणाऱ्या कारागिराचे पुत्र. त्यांनी आरंभी हार्वर्डमध्ये गणित शिकवले, मग जर्मनीत जाऊन भाषाशास्त्राचा अभ्यास केला. त्यांची ओढ जुन्या इंग्रजी व स्कॉटिश कथागीतांकडे होती, आणि बागेतील गुलाबांकडेही. वाट्याला मात्र आले तरुणांच्या निबंधांचे गठ्ठे.

४/ सुटकेचे निमित्त बाहेरून आले. बाल्टिमोरच्या नव्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बोलावणे धाडले. त्यांना गमावू नये म्हणून हार्वर्डने त्यांच्यासाठी इंग्रजीच्या प्राध्यापकाचे नवे पद निर्माण केले आणि निबंधांचे ओझे उतरवले. पुढे १८८२ पासून त्यांचा कथागीतांचा महाग्रंथ खंडशः प्रसिद्ध होऊ लागला : ३०५ कथागीते, त्यांच्या उपलब्ध पाठभेदांसह. अखेरचा खंड १८९८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी आला.

५/ या घटनेत पुढच्या शतकाची उतरंड दिसते. साहित्याचे संशोधन म्हणजे सन्मान आणि निबंध तपासणे म्हणजे ओझे, अशी विभागणी विद्यापीठाने मान्य केली. सन्मानाच्या बाजूला जायचे, तर ओझे दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर द्यावे लागणार होते.

६/ हार्वर्डमध्ये तो खांदा ॲडम्स शर्मन हिल यांचा होता. हिल कायदा शिकलेले. यादवी युद्धाच्या काळात ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चे वॉशिंग्टनमधील वार्ताहर. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट हे त्यांचे १८५३ च्या तुकडीचे सहाध्यायी. एलियट यांच्याच कारकिर्दीत, १८७२ साली, हिल हार्वर्डमध्ये शिकवू लागले. १८७४ पासून प्रवेशासाठी लेखी इंग्रजी परीक्षा सक्तीची झाली. शुद्धलेखन, विरामचिन्हे आणि व्याकरण यांना तिच्यात मोठे वजन होते. वर्तमानपत्राच्या कचेरीत मजकूर ज्या नजरेने पाहिला जातो, ती नजर आता वर्गात आली.

७/ १८८५ पासून प्रथम वर्षासाठी ‘इंग्लिश ए’ हा अभ्यासक्रम सुरू झाला. एलियट यांनी विद्यार्थ्यांना विषयनिवडीचे स्वातंत्र्य दिल्याने जुने सक्तीचे विषय एकेक करून गळाले. शतकाच्या अखेरीस सक्ती उरली ती जवळजवळ या एकाच विषयाची. इतर महाविद्यालयांनी हा नमुना उचलला, आणि निबंध वाचणाऱ्यांची गरज देशभर वाढली.

८/ हिल यांचे साहाय्यक म्हणून १८८० मध्ये आलेले बॅरेट वेंडेल हेही कायद्याच्या वाटेवरून परतलेले. वकिलीच्या परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. त्यांना कादंबरीकार व्हायचे होते आणि त्यांच्या दोन कादंबऱ्या प्रसिद्धही झाल्या. वर्गात त्यांनी रोज एक छोटा मजकूर लिहून आणण्याची पद्धत रूढ केली. विषय ठरलेला नसे. विद्यार्थ्याने स्वतः पाहिलेले टिपावे, एवढीच अपेक्षा. निरीक्षणावरचा हा भर कथालेखकालाच सुचावा असा होता.

९/ १८९० मध्ये वेंडेल यांच्या वर्गात डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस हा कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. हार्वर्डमधील त्याच्या पहिल्या निबंधाला नापासाचा शेरा मिळाला होता. आशय महत्त्वाचा की रूप, हा प्रश्न त्या शेऱ्याने त्याच्यापुढे उभा केला. पुढे वेंडेल यांनी त्याचा एक निबंध वर्गात वाचून दाखवला, ही आठवण दु बॉइस यांनी आयुष्यभर जपली. १८९५ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले आफ्रिकी-अमेरिकी ठरले. निबंध वाचणारा कोण आहे, यावर किती अवलंबून असते, हे या एका उदाहरणावरून कळते.

१०/ या कामाकडे ओझे म्हणून न पाहणारेही होते. मिशिगन विद्यापीठात फ्रेड न्यूटन स्कॉट यांना सौंदर्यशास्त्र, मानसशास्त्र आणि पत्रकारिता या तिन्हींत रस होता. १९०३ मध्ये तेथे वक्तृत्वविद्येचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला व तो त्यांनी चालवला. त्यांच्या विद्यार्थिनी गर्ट्रूड बक यांनी रूपकाच्या मानसशास्त्रावर प्रबंध लिहून १८९८ मध्ये डॉक्टरेट मिळवली. महिलांसाठीच्या व्हॅसर महाविद्यालयात शिकवताना त्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत आणि नाट्यप्रयोगांत रमल्या.

११/ १९११ मध्ये इंग्रजी शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. स्कॉट तिचे पहिले अध्यक्ष. जानेवारी १९१२ मध्ये परिषदेच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. सद्यःस्थितीत निबंधलेखन चांगले शिकवता येईल काय, असा प्रश्न कॅन्ससचे प्राध्यापक एडविन हॉपकिन्स यांनी त्यात विचारला आणि आरंभीच नकारार्थी उत्तर दिले. एकेका शिक्षकाकडे इतके विद्यार्थी होते की त्यांचे सर्व लेखन नीट वाचणे माणसाच्या शक्तीबाहेरचे होते. हेच हॉपकिन्स १८९१ मध्ये विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. त्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही. निबंधांच्या गठ्ठ्यापुढे मात्र त्यांनी हिशेब मांडून हार दाखवून दिली.

१२/ आता न्यूयॉर्क. १९६९ च्या विद्यार्थी आंदोलनानंतर १९७० मध्ये तेथील सिटी विद्यापीठाने शहरातील प्रत्येक शालान्त उत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी दारे उघडली. त्याआधीच, वंचित वस्त्यांतील विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सीक’ कार्यक्रमात, सिटी कॉलेजने वेगळ्याच वाटांनी आलेली माणसे जमवली होती. कवयित्री एड्रियन रिच. ग्रंथपालाचे शिक्षण घेतलेल्या ऑड्री लॉर्ड. हार्लेमच्या पुनर्रचनेचा आराखडा बकमिन्स्टर फुलर यांच्यासह आखणाऱ्या जून जॉर्डन. समाजकल्याण खात्यात काम केलेल्या कथालेखिका टोनी केड बंबारा.

१३/ त्यांच्यासोबत होत्या मीना शॉनेसी : साउथ डकोटातील सोन्याच्या खाणींच्या गावात जन्मलेल्या, नाट्यशिक्षण घेऊन न्यूयॉर्कला आलेल्या. नव्या विद्यार्थ्यांच्या सुमारे ४,००० प्रवेश-निबंधांचा त्यांनी अभ्यास केला. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की या चुका अज्ञानाच्या किंवा आळसाच्या नाहीत. त्यांच्यामागे तर्क आहे, आणि शिक्षकाला तो वाचता आला पाहिजे.

१४/ येथे चाइल्ड यांची आठवण येते. कथागीताचा एकही पाठ त्यांनी ‘चुकीचा’ म्हणून फेकला नाही. भेद का पडला, हे ते शोधत राहिले. हीच चिकाटी शॉनेसी यांनी निबंधांच्या गठ्ठ्याला दिली. ज्या कागदांपासून चाइल्ड यांना सुटका हवी होती, ते कागदही विद्वत्तेचा विषय होऊ शकतात, हे सिद्ध व्हायला शंभर वर्षे जावी लागली.

१५/ पण त्याच सुमारास आर्थिक संकटाने विद्यापीठाला गाठले. १८४७ पासून चालत आलेले मोफत शिक्षण १९७६ मध्ये संपले. अनेक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. १९७८ मध्ये शॉनेसी यांचे निधन झाले. १९८६ मध्ये वायोमिंग येथील परिषदेत लेखन-शिक्षकांनी वेतन व सेवाशर्तींविषयी ठराव केला, कारण हे काम तोवर मुख्यतः अर्धवेळ आणि हंगामी शिक्षकांच्या पदरी पडले होते.

१६/ वकील, वार्ताहर, कादंबरीकार, कवयित्री, फुटबॉलचा प्रशिक्षक : यांपैकी बहुतेक जण या कामात वळण घेऊन आले, आणि प्रत्येकाने चांगल्या लेखनाची व्याख्या आपल्या पूर्वायुष्यातून आणली. महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर पहिला निबंध लिहिणाऱ्या तरुणाचे भवितव्य अनेकदा त्या व्याख्येवर ठरले. विद्यापीठांच्या इतिहासात मोठ्या ग्रंथांची नोंद होते. या वाचकांची क्वचितच होते.