याचक कीं मजूर?

दुष्काळी कामावर गेलेला माणूस सरकारच्या दारचा याचक कीं सरकारचा मजूर? हा प्रश्न केवळ शब्दांचा नाहीं. महाराष्ट्रांत त्याचें उत्तर बदलण्यास शंभर वर्षें लागलीं. तीच हकीकत आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

१८७६-७८ च्या दुष्काळांत मुंबई इलाख्यांत सडका व तलाव यांचीं कामें निघालीं. परंतु सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणामुळें मजुराचा रोज एक पौंड धान्याची किंमत व वर थोडे पैसे इतक्यावर आला. तेव्हां १८७७ च्या आरंभीं हजारों मजूर काम टाकून निघून गेले. उपाशी माणसांनीं रोजासाठीं काम सोडावें, यावरून ते स्वतःस याचक मानीत नव्हते हें उघड आहे. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. पुढें १८८० च्या दुष्काळ कमिशननंतर मदतीचे नियम झाले. तरी दुष्काळ जाहीर करणें सरकारच्याच हातीं राहिलें. पाऊस बरा झाला कीं कामें बंद होत.

दुष्काळ असो वा नसो, मागेल त्याला काम द्यावें, हा विचार विधानपरिषदेचे सभापति वि. स. पागे यांनीं मांडला. १९६५ सालीं तासगांव तालुक्यांत त्याचा प्रयोग झाला. १९७२ सालीं ही योजना राज्यभर नेण्याचें ठरलें, तोंच भीषण अवर्षण आलें. मे १९७३ मध्यें जवळजवळ ५० लाख स्त्रीपुरुष दुष्काळी कामांवर होते. पुढें १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. खेड्यांतील प्रौढ माणसानें अंगमेहनतीचें काम मागितल्यास पंधरा दिवसांत तें द्यावें, न दिल्यास भत्ता द्यावा, असें बंधन सरकारवर पडलें. बांधबंदिस्ती, पाझर तलाव, रस्ते अशीं कामें त्यांतून झालीं. खर्चासाठीं १९७५ सालीं व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे खेड्यांतील मजुरीचा भार शहरांतील पगारदारांनींही उचलला. आम्ही प्राध्यापकही त्यांत आलों.

हक्क मिळाला म्हणून वाट सोपी झाली असें मात्र नाहीं. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी वारंवार झाल्या. १९८८ सालीं मजुरीचे दर सुमारें दुप्पट झाले, आणि कामावरील हजेरी घटली. मागणी कमी झाली नव्हती. खर्च आवरण्यासाठीं कामेंच कमी काढण्यांत आलीं, असें अभ्यासकांनीं दाखविलें आहे. तरीही मूळ तत्त्व टिकलें. २००५ सालीं संसदेनें केलेल्या कायद्यानें ग्रामीण कुटुंबास वर्षाकाठीं १०० दिवसांच्या कामाची हमी सर्व देशभर दिली.

१८७७ च्या मजुरास काम सोडून जाण्यावांचून गाऱ्हाणें मांडण्याचा मार्ग नव्हता. त्याच्या पणतवंडांच्या हातीं कायदा आला. आपल्या पगारपत्रकावरील व्यवसाय कराची लहानशी रक्कम पाहतांना वाचकांनीं एवढें लक्षांत ठेवावें, कीं ती भिक्षा म्हणून घातलेली नाहीं; तें आपलें देणें आहे.