वृत्तपत्रांच्या फायली आणि गावकुसाबाहेरचा इतिहास

१

इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो पुराव्याचा. प्रश्न रास्त आहे. पुराव्याशिवाय लिहिलेल्या इतिहासाची पुराणकथा होते, आणि पुराणकथांनी आपल्या समाजाचे काय केले हे आपण चांगले जाणतो. परंतु हा प्रश्न विचारणारे विद्वान त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न सहसा विचारीत नाहीत. पुरावा जपून ठेवण्याची साधने कोणाच्या हाती होती? कपाट कोणाचे, किल्ली कोणाकडे, आणि कोणता कागद बांधून ठेवायचा व कोणता रद्दीत घालायचा हे ठरविणारा कोण?

दलित चळवळीवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला ‘त्या काळची वृत्तपत्रे मिळत नाहीत, विषय बदला’ असा सल्ला आजही दिला जातो. घरातला पहिला पदवीधर असलेला मुलगा हा सल्ला मुकाट्याने मानतो, कारण ग्रंथालयात काय मागावे आणि कसे मागावे हे त्याला घरी कोणी शिकविलेले नसते. म्हणून ‘मिळत नाहीत’ हे विधानच तपासले पाहिजे. वृत्तपत्रे ग्रंथालयात आज तीन रूपांत आढळतात: छापील फायली, मायक्रोफिल्म आणि संगणकावरील संग्रह. या प्रत्येक रूपाला स्वतःची वाट आहे आणि स्वतःचे मौनही आहे. महाडचे १९२७ साल उदाहरणादाखल समोर ठेवून ही वाट चालून पाहू.

२

प्रथम छापील फायली. फाईल आपोआप तयार होत नाही. कोणीतरी वर्गणी भरावी लागते, अंक क्रमाने लावावे लागतात, बांधणीचे पैसे मोजावे लागतात आणि फळीवर जागा द्यावी लागते. ‘केसरी’ १८८१ साली निघाला. त्याच्या फायली पुण्यात त्याच्याच संस्थेच्या ग्रंथालयात जपल्या गेल्या. त्याच्या चार वर्षे आधी, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढला आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईतून चालविला. सत्यशोधकांच्या या मुखपत्राच्या सलग फायली मागून पाहा, म्हणजे वयाने वडील असलेल्या पत्राचा वारसा कसा विस्कटला ते समजेल.

‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापावयास ‘केसरी’ने नकार दिला, हे बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त नमूद करून ठेवले आहे. ज्या पत्राची पैसे मोजलेली जाहिरातही प्रस्थापितांना विटाळ वाटली, त्याचे अंक त्यांच्या वाचनालयांनी कातडी पुठ्ठ्यात बांधून ठेवले असतील अशी अपेक्षा तरी कशी करावी? हे अंक राहिले ते मुख्यतः कार्यकर्त्यांच्या ट्रंकांतून आणि पोटमाळ्यांवरून. रत्नाकर गणवीर यांनी ‘बहिष्कृत भारता’तील अग्रलेख ग्रंथरूपाने वाचकांपुढे आणले. पुढे वसंत मून यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र शासनाने १९९० साली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे उपलब्ध अंक एका खंडात पुनर्मुद्रित केले. आज कोणत्याही गावातला विद्यार्थी हे अंक वाचू शकतो, याचे श्रेय या माणसांच्या पायपिटीला आहे.

छापील संग्रहात शोधताना तालिकेची रीत समजून घ्यावी. तालिका वृत्तपत्राला त्याच्या नावाने ओळखते. ‘आंबेडकर’ या नावाखाली शोधणाऱ्याला ‘मूकनायक’ कदाचित सापडणारच नाही, कारण संपादक म्हणून पहिले नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे होते. ‘समता’ (१९२८) आणि आरंभीचा ‘जनता’ (१९३०) यांवर देवराव नाईक यांचे नाव आहे. ‘जनता’ पाक्षिक म्हणून सुरू झाला, नंतर साप्ताहिक झाला आणि १९५६ साली त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ असे नामांतर झाले. एकाच प्रवाहाचे अंक म्हणून दोन वेगळ्या नोंदींखाली, क्वचित दोन वेगळ्या दालनांतही पडलेले असू शकतात. ‘दीनबंधु’ आणि ‘दीनबंधू’, ‘मूकनायक’ आणि ‘मूक नायक’ अशी सर्व रूपे घालून पाहावीत. आणि नोंदीत ‘अपूर्ण’ असा शेरा दिसला की परत फिरू नये. ती फाईल मागवावी. अपूर्ण फायलीत तुम्हाला हवा असलेला अंक नसेलच असे नाही.

३

आपले पत्र सापडले नाही तरी शोध संपत नाही. वृत्तपत्रे एकमेकांशी भांडतात, आणि भांडताना एकमेकांचा मजकूर उतरवून घेतात. महाडनंतर पुण्याच्या ‘भाला’ पत्राने अस्पृश्यांवर जहरी टीका केली, तिचा समाचार ‘बहिष्कृत भारता’ने घेतला. विरोधकाचा शब्द आपल्या पानात आणि आपला शब्द विरोधकाच्या पानात असा अडकून राहतो. म्हणून शत्रुपक्षाचे पत्र वाचणे हा आपल्या अभ्यासाचा भागच आहे.

तिसरा साक्षीदार म्हणजे ब्रिटिश सरकार. मुंबई सरकारचे भाषांतर खाते देशी वृत्तपत्रे वाचून त्यांतील मजकुराचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला तयार करीत असे. हे ‘नेटिव्ह न्यूजपेपर्स’चे अहवाल गोपनीय होते. राज्यकर्त्यांना लोकमताची नाडी त्यांतून कळे. ‘दीनबंधु’विषयी संशोधकांनी जे लिहिले आहे त्यातला मोठा भाग या अहवालांवर उभा आहे. अंक गेले, पण साहेबाच्या कानावर घातलेली कुजबूज राहिली! अहवालांसोबतच्या याद्यांत पत्राचे नाव, गाव, खप आणि संपादकाचे नाव, इतकेच काय, त्याची जातही नोंदलेली आढळते. त्या काळच्या मराठी वृत्तसृष्टीची मालकी कोणाकडे होती हे ज्यांना आकड्यांत दाखवायचे असेल, त्यांच्यासाठी या याद्या म्हणजे खाणच आहे.

मात्र येथे सावध राहावे. हा गोषवारा आहे, मूळ मजकूर नव्हे. काय निवडायचे ते भाषांतरकार ठरवीत असे, आणि त्याचे डोळे सरकारचे होते. राजद्रोहाचा वास ज्या ओळीला येतो ती ओळ अहवालात चढे. पाणवठ्यावर झालेला अपमान सरकारला धोक्याचा वाटला नाही तर तो गळून जाई. लोखंड्यांची मराठी तेथे इंग्रजी होऊन भेटते. या अहवालांतून उद्धृत करताना ‘अहवालाच्या गोषवाऱ्यानुसार’ असे शब्द घातल्याशिवाय पुढे जाऊ नये.

हे अहवाल मुंबईच्या महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांच्या मायक्रोफिल्म झाल्या आहेत, आणि आता ‘साउथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज’ या संग्रहात अशा अहवालांचा मोठा साठा संगणकावर विनामूल्य वाचता येतो.

४

मायक्रोफिल्म हे नाव ऐकून आपले विद्यार्थी बिचकतात. वस्तू साधी आहे. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले आम्ल त्यालाच खाते. पाने पिवळी पडतात, घडीवर तुटतात, शेवटी त्यांचा भुगा होतो. म्हणून पानांची बारीक छायाचित्रे पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर घेतली जातात आणि ती फीत यंत्राच्या काचेवर मोठी करून वाचतात. दिल्लीच्या तीनमूर्ती येथील ग्रंथालयात, जे पूर्वी नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालय म्हणून ओळखले जाई, अशा फितींचा मोठा संग्रह आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचे दिल्ली कार्यालय १९६२ पासून भारतीय प्रकाशने गोळा करीत आले आणि अनेक वृत्तपत्रांच्या फिती त्याने तयार केल्या.

फीत पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, फीत ही बांधीव फायलीचे छायाचित्र आहे. फायलीत जो अंक नव्हता तो फितीतही नाही, आणि शिवणीत दडलेल्या ओळी फितीतही दडलेल्याच राहतात. फितीच्या आरंभी कोणते अंक नाहीत याची पाटी बहुधा असते. ती आधी उतरवून घ्यावी. दुसरी, फितीत शब्द टाकून शोध घेता येत नाही. तारीख हातात असावी लागते आणि पाने ओळीने पाहावी लागतात. हा दोष वाटेल, पण यातच तिचे बळ आहे.

महाडचेच घ्या. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ रोजी भरली आणि २० तारखेला बाबासाहेबांसह लोक चवदार तळ्यावर गेले. पण फक्त त्या आठवड्याचा अंक पाहून उठणारा अभ्यासक अर्ध्या वाटेतून परतला असे समजावे. साप्ताहिकांत बातमी उशिरा येते, पत्रव्यवहार त्याहून उशिरा. खुद्द ‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक ३ एप्रिलचा आहे. तळे खुले करण्याचा आपलाच ठराव महाडच्या नगरपालिकेने ऑगस्ट १९२७ मध्ये फिरविला. डिसेंबरात सनातन्यांनी दावा लावला, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, फेब्रुवारी १९२८ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम उठला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. एका तळ्याच्या पाण्यासाठी दहा वर्षे! म्हणजे दहा वर्षांच्या फितींतील किमान पाच-सहा ठिकाणे तपासली पाहिजेत. आणि बातमीच्या शेजारी काय छापले आहे, तेही पाहावे. अग्रलेख कशावर आहे, सभांचे वृत्तांत कोणाचे, वाचकांची पत्रे कोणत्या आळीतून आलेली आहेत? वीरेश्वराच्या देवळात अस्पृश्य शिरणार अशी अफवा उठवून परिषदेच्या लोकांना मारहाण झाली. तिला कोणी ‘हल्ला’ म्हटले, कोणी ‘दंगल’ म्हटले, हे शब्द वेगळ्या कागदावर टिपून ठेवावेत. ‘दंगल’ या शब्दात मारणारा आणि मार खाणारा एकाच तराजूत बसतात.

५

आता संगणकावरील संग्रह. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे १८३८ पासूनचे अंक आज वर्गणी भरणाऱ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत शब्द टाकून शोधता येतात. सोय मोठी आहे, आणि तिच्यातला धोकाही तेवढाच आहे. यंत्र तुम्ही दिलेला शब्दच शोधते, आणि शब्दांना जात असते. १९२७ सालच्या इंग्रजी पत्रात ‘दलित’ शोधाल तर बहुधा हात रिकामे राहतील. तेथे आपण ‘डिप्रेस्ड क्लासेस’ आहोत, ‘अनटचेबल्स’ आहोत, ‘महार्स’ आहोत. रायगड जिल्हा शोधून भागणार नाही. १९८१ पर्यंत तो कुलाबा होता. चवदार तळ्याचे रोमन लिपीतले वर्णलेखन तीन-चार परींनी करून पाहावे लागेल. ज्या नावांनी आपल्याला हिणविले गेले तीच नावे शोधासाठी आपल्या हातांनी लिहावी लागतात, हे कडू आहे. पण ती लिहिली नाहीत तर आपली माणसे त्या पानांवर अदृश्यच राहतील.

मराठी पानांची अडचण निराळी. जुन्या खिळ्यांची देवनागरी अक्षरे यंत्राला नीट वाचता येत नाहीत. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीचे मराठी अनुस्वारांनी भरलेले आहे. तेथे ‘काही’ नसून ‘कांहीं’ आहे, ‘नाही’ नसून ‘नाहीं’ आहे. आजचे रूप टाकून ‘एकही नोंद नाही’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ यंत्राला दिसले नाही एवढाच घ्यावा. त्यावरून ‘वृत्तपत्रांनी दखलच घेतली नाही’ असा निष्कर्ष प्रबंधात लिहिणे म्हणजे यंत्राच्या आंधळेपणाला इतिहासाचा दर्जा देणे होय. शब्दाने वाट दाखवावी आणि तारखेने पान गाठावे, ही पद्धत ठेवावी.

आणि एक सामाजिक वस्तुस्थिती. वर्गणीचे संग्रह मोठ्या विद्यापीठांच्या भिंतींआड आहेत. तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलीच्या हाती फोन आहे, पण त्या दाराची किल्ली नाही. पाणवठा बदलला, पहारा बदलला, एवढेच. म्हणून विनामूल्य खुले असलेले संग्रह आपल्या विद्यार्थ्यांना दाखवून देणे हे प्राध्यापकाचे काम आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला पत्र घेऊन बसू देतात का, हे विचारणे आणि देत नसतील तर भांडणे, हेही त्याचेच काम आहे.

६

शेवटी आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांनी ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना पुस्तके पाठविणे बंधनकारक झाले आणि १९५६ मध्ये वृत्तपत्रेही त्या कक्षेत आली. पण पदरमोड करून निघणाऱ्या, दोन-चार वर्षांत बंद पडणाऱ्या पत्रांचा कायद्याने किती सांभाळ केला असेल? दलित पँथरच्या काळातली पत्रके, अनियतकालिके, नामांतर लढ्यातील साप्ताहिके ही आता त्याच वाटेवर आहेत ज्या वाटेने ‘दीनबंधु’ गेला. ती ज्यांच्या घरी आहेत ती पिढी म्हातारी झाली आहे. घर बदलताना, भिंत रंगविताना, वडील गेल्यावर ट्रंक उघडताना हा इतिहास किलोच्या भावाने जातो.

त्यासाठी फार मोठी संस्था लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या चार कार्यकर्त्यांनी मिळून एक वही करावी: कोणत्या पत्राचा कोणता अंक, कोणत्या तारखेचा, कोणाच्या घरी. अंकाचे छायाचित्र घेताना आधी नाव, वर्ष, अंक व तारीख असलेले पूर्ण पान घ्यावे, मग मजकूर. तारीख नसलेले कात्रण म्हणजे साक्षीदार हजर, पण त्याची जबानी निरुपयोगी. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कागद खातो. मूळ अंक मालकाचाच राहू द्यावा, पण त्याच्या प्रती दोन वेगळ्या गावी ठेवाव्यात. अशा वह्या एकत्र केल्या की आपल्या वृत्तपत्रांची संयुक्त सूची तयार होईल, आणि मग ‘वृत्तपत्रे मिळत नाहीत’ असे म्हणणाऱ्या मार्गदर्शकापुढे विद्यार्थ्याला ती सूची ठेवता येईल.

बाबासाहेबांनी पत्रे काढली ती मुक्यांना वाचा फुटावी म्हणून. ती वाचा फुटली, हे सिद्ध करणारा कागद आपल्याच घरात कुजत असेल तर दोष कोणाला द्यायचा? ग्रंथालयांना त्यांच्या मौनाचा जाब आपण जरूर विचारू. तोपर्यंत येत्या रविवारी माळ्यावरची ट्रंक खाली काढावी आणि वहीत पहिली नोंद करावी.