रस्त्यावर न येणाऱ्या गाडीचा विमा : डंपर आणि 'सार्वजनिक ठिकाण' यांचा इतिहास

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातील मालसाठा-आवारात फिरणाऱ्या 36 वाहनांविषयी एक निकाल दिला. आवाराला भिंत होती, प्रवेशद्वारांवर केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा होता, आणि परवानगीविना आत कोणालाही जाता येत नव्हते. आंध्र प्रदेशचा 1963 चा करआकारणी कायदा 'सार्वजनिक ठिकाणी' वापरल्या जाणाऱ्या किंवा त्यासाठी ठेवलेल्या वाहनांवर कर बसवतो. हे आवार सार्वजनिक ठिकाण नाही, म्हणून तेवढ्या काळाचा कर देय नाही, असे न्यायालयाने ठरवले. वृत्तपत्रांनी ही बातमी कराची बातमी म्हणून छापली, आणि तशी ती होतीही. परंतु ज्या दोन शब्दांवर हा कर उभा राहतो, त्याच दोन शब्दांवर भारतातील सक्तीचा वाहन विमाही उभा आहे. कर माफ झाला तर मालकाचे पैसे वाचतात. विम्याची सक्ती नसेल तर मात्र चाकाखाली सापडलेल्या माणसाच्या कुटुंबाचे काय होते, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर शोधायचे तर 1939 पर्यंत मागे जावे लागते.

ब्रिटनमध्ये 1930 च्या कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा झाला. भारतात 1936-37 मध्ये मोटार विमा समिती नेमली गेली आणि 1939 च्या मोटार वाहन कायद्यात विम्याचे स्वतंत्र प्रकरण आले. ते प्रत्यक्ष अमलात यायला 1 जुलै 1946 ही तारीख उजाडावी लागली. त्या प्रकरणाचा गाभा एका वाक्याचा होता : सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन वापरायचे असेल, तर तिऱ्हाइतास होणाऱ्या इजेची हमी देणारा विमा हवा. या वाक्यात दोन अटी दडलेल्या आहेत. ती वस्तू 'मोटार वाहन' असली पाहिजे, आणि ती 'सार्वजनिक ठिकाणी' असली पाहिजे. शहरातील मोटारीला, बसला, मालट्रकला या अटी कधी जाणवल्या नाहीत. त्या जाणवल्या खाणीतल्या डंपरला.

1939 च्या मूळ व्याख्येनुसार मोटार वाहन म्हणजे 'रस्त्यावर वापरण्यास अनुकूल' असे यांत्रिक वाहन. रुळांवरून धावणारी वाहने आणि केवळ मालकाच्या स्वतःच्या जागेत वापरली जाणारी वाहने तिच्यातून वगळलेली होती. 1956 च्या दुरुस्तीने हा दुसरा अपवाद बदलला. आता सूट मिळू लागली ती 'कारखान्यात किंवा अन्य बंदिस्त आवारातच वापरण्यासाठी बनवलेल्या विशेष प्रकारच्या' वाहनांना. बदल शाब्दिक वाटतो, पण त्याने कसोटीच पालटली. पूर्वी प्रश्न होता : गाडी कोठे फिरते? आता प्रश्न झाला : गाडी कशासाठी घडवली आहे? पहिल्याचे उत्तर चौकीदार देऊ शकतो. दुसऱ्यासाठी अभियंता लागतो. न्यायालयांत अभियंत्याचे काम बहुतांशी शब्दकोशानेच केले.

ओडिशातील बोलानी लोहखनिज खाणीच्या प्रकरणात 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे डंपर, रॉकर आणि ट्रॅक्टर आले. न्यायालयाने 'अनुकूल' याचा अर्थ 'योग्य' असा घेतला. त्यामुळे ही वाहने नव्या व्याख्येप्रमाणे मोटार वाहनेच ठरली. मात्र करासाठी 1930 च्या जुन्या प्रांतिक कायद्याने 1956 पूर्वीची व्याख्या उचललेली असल्याने, मालकाच्या जागेतच राबणाऱ्या डंपरवर कर लागत नाही, असा निष्कर्ष निघाला. एकच डंपर नोंदणीसाठी मोटार वाहन होता आणि करासाठी नव्हता. पुढच्याच वर्षी ओडिशाने नवा करआकारणी कायदा केला. 1992 मध्ये सेंट्रल कोलफील्ड्सच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की डंपर आणि रॉकर हे साखळीपट्ट्यांवर चालणाऱ्या यंत्रांसारखे किंवा रणगाड्यांसारखे नसून हवेच्या टायरांवर चालतात. ते जड आहेत, रस्ता खराब करतील, एवढ्यावरून ते रस्त्यास अयोग्य ठरत नाहीत.

कायदा म्हणून हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे. भौतिकशास्त्र म्हणून तो तपासून पाहण्यासारखा आहे. मालासकट 100 टन वजनाचा एक डंपर कल्पू. भरलेल्या दोन आसांच्या डंपरमध्ये सुमारे दोन तृतीयांश भार मागच्या आसावर येतो, म्हणजे साधारण 67 टन. भारतातील सार्वजनिक रस्त्यांवर चार टायरांच्या एका आसाला 2018 मध्ये वाढवलेली मर्यादा आहे 11.5 टनांची. डांबरी रस्त्याची झीज आसभाराच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या साधारण चौथ्या घाताने वाढते, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे; त्या हिशेबाने असा एक आस कायदेशीर आसाच्या हजार पटीहून अधिक झीज करील. तेव्हा 'टायर आहेत म्हणून रस्त्यास योग्य' हे विधान न्यायालयीन अर्थानेच खरे मानावे लागते. कर बसवण्यासाठी ते पुरेसे होते, सुरक्षिततेची कसोटी म्हणून ते कोणी वापरू नये.

सुरक्षिततेची कसोटी हा या इतिहासाचा दुसरा धागा. 1939 पासून आजवर योग्यता प्रमाणपत्राची सक्ती आहे ती परिवहन वाहनांना, म्हणजे प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्यांना. 1988 च्या कायद्याचे कलम 56 हेच सांगते. 2018 च्या नियमांप्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी ही तपासणी करावी लागते, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर ती स्वयंचलित केंद्रांकडे वळवली जात आहे. अशा केंद्रात गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवतात, ब्रेक दाबतात आणि प्रत्येक चाकावर किती रोधबल निर्माण झाले ते मोजतात. महामार्गावरच्या ट्रकसाठी ही पद्धत उत्तम आहे. 67 टनांचा आस मात्र त्या रुळांवर चढवताच येणार नाही.

शिवाय खाणीतल्या ब्रेकची परीक्षा निराळीच असते. कोळसा खाणींच्या विनियमांत वाहतुकीच्या रस्त्यांचा चढ सर्वसाधारणपणे 16 ला 1 याहून तीव्र नसावा, असे बंधन आहे. या उतारावर 100 टनांच्या डंपरला खाली खेचणारे बल सव्वासहा टन वजनाएवढे असते. डोंगरमाथ्यावरच्या लोहखनिजाच्या खाणीत भरलेला डंपर वरून खाली येतो. 50 मीटर उंची उतरताना त्याने गमावलेली स्थितिज ऊर्जा सुमारे 49 मेगाजूल. वेग वाढू द्यायचा नसेल, तर घर्षणात जाणारा वाटा सोडून ही जवळपास सगळी ऊर्जा ब्रेक आणि रिटार्डर यांना उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. दीडशे लिटरहून अधिक पाणी 30 अंशांवरून उकळीला आणण्याएवढी ही उष्णता आहे, आणि तीही प्रत्येक खेपेला. क्षणभर ब्रेक दाबून रोधबल मोजणाऱ्या चाचणीत हे दिसत नाही. तापलेल्या ब्रेकची पकड कशी ढिली पडते, हे सतत उतरत राहणाऱ्या गाडीतच कळते. म्हणून खाणीतली यंत्रे वेगळ्या देखरेखीखाली असणे तर्कसंगत आहे. हे काम खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहे. 1902 मध्ये कलकत्त्यात सुरू झालेली आणि 1908 मध्ये धनबादला गेलेली ही यंत्रणा 1952 च्या खाण कायद्याखाली काम करत आली.

म्हणजे तपासणीची पोकळी खाणीत तरी नव्हती. पोकळी होती मधल्या जागेत : खाण नाही, महामार्गही नाही, अशा ठिकाणी. धरणाचे बांधकाम, पुलाचा पाया, गोदामाचे आवार, साखर कारखान्याचा गव्हाण-परिसर, बंदराचा धक्का. तेथे बॅकहो लोडर, मोबाइल क्रेन, रोड रोलर राबतात आणि कामावरून कामावर जाताना रस्त्यावरूनच जातात. या वर्गाची नियमांत स्वतंत्र व्याख्या 2000 साली झाली. 'बांधकाम उपकरण वाहन' या नावाखाली रबरी टायरांची, रबरी पट्ट्यांची किंवा पोलादी रोलरची स्वयंचलित यंत्रे आली. त्यांचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे, रस्त्यावरचा प्रवास आनुषंगिक, थोड्या वेळाचा आणि ताशी 50 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाचा नाही. स्वतःच्या शक्तीने सार्वजनिक रस्त्यावर जाण्याची सोयच नसलेली, निव्वळ खाणीत किंवा कारखान्यात वापरायची यंत्रे या व्याख्येबाहेर ठेवली गेली.

व्याख्या चांगली होती, अभियंत्याच्या भाषेतली होती. पण तिच्या स्पष्टीकरणात एक शब्द होता : ही वाहने 'अपरिवहन' वर्गातली. डंपर मालवाहू मानला असता तर त्याला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र लागले असते. अपरिवहन वाहनाला नोंदणी 15 वर्षांची मिळते आणि पुढची तपासणी नूतनीकरणाच्या वेळी. खासगी मोटारीला लागू असलेलीच मुदत दिवसाचे दहा तास दगड उपसणाऱ्या यंत्राला लागू झाली. ट्रॅक्टरचीही हीच कथा. नियमांनी तोही अपरिवहन मानला. त्याच्या कारखान्यातून निघण्यापूर्वीच्या चाचण्या मध्य प्रदेशातील बुदनीच्या संस्थेत 1959 पासून होत आहेत, परंतु शेतावर गेल्यावर त्याच्या ब्रेककडे सरकारी डोळा क्वचितच जातो. बांधकाम वाहनांसाठी सुरक्षिततेचे सविस्तर मानक, एआयएस-160, लागू होण्यास 2021 उजाडले. तेही नव्या यंत्रांसाठी.

आता विम्याकडे परत येऊ. 1988 च्या कायद्यात कलमांची रचना बारकाईने वाचली तर एक विसंगती दिसते, आणि विधी शिकणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. नोंदणीचे कलम 39 'सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी' असे म्हणते. विम्याचे कलम 146 फक्त 'सार्वजनिक ठिकाणी' एवढेच म्हणते. आणि अपघात दावा न्यायाधिकरणाचे कलम 165 ठिकाणाचा उल्लेखच करत नाही. मोटार वाहनाच्या वापरातून अपघात झाला, एवढे पुरे. परिणाम असा की बंदिस्त आवारातल्या अपघातात न्यायाधिकरण मालकाला भरपाई द्यायला सांगू शकते, पण विमा कंपनी म्हणू शकते की कायद्याने सक्तीची जबाबदारी येथे लागू नव्हती. मालक मोठा कारखाना असेल तर फरक पडत नाही. मालक एका भाड्याच्या यंत्राचा छोटा कंत्राटदार असेल तर निवाडा कागदावर राहतो.

या फटीचा आकार आकड्यांत मांडू. महिना 25,000 रुपये कमावणारा तिशीतला मजूर, घरी चार अवलंबित, नोकरी कायम नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 आणि 2017 मध्ये घालून दिलेल्या सूत्राप्रमाणे न्यायाधिकरण त्याच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीचे 40 टक्के मिळवते, चौथा हिस्सा वजा करते आणि वर्षाच्या रकमेला 17 ने गुणते : 53,55,000 रुपये, इतर शीर्षकांची रक्कम वेगळी. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचा हिशेब निराळा होता. 2020 पासून त्यात वेतन 15,000 पर्यंतच धरले जाई. त्याचे निम्मे, गुणिले वयाचा घटक 207.98, म्हणजे 15,59,850 रुपये. तोच माणूस, तेच चाक. कोणता रस्ता खुला आहे आणि शेवटी पैसे कोण भरणार, यावर कुटुंबाच्या हाती काय येईल ते ठरते. आवारातच राहणाऱ्या यंत्राला अनेकदा फक्त कंत्राटदाराच्या यंत्रसामग्रीचा विमा असतो. तो मुख्यतः यंत्राचे नुकसान भरून देतो. तिऱ्हाइताची जबाबदारी जादा हप्ता भरून मागून घ्यावी लागते.

ही फट बुजवण्याचे काम उच्च न्यायालयांनी केले, आणि त्यात मुंबईचा वाटा महत्त्वाचा आहे. 1988 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ठरवले की जेथे लोकांना कोणत्याही कारणाने प्रवेश मिळतो, मग तो हक्काचा असो वा नियंत्रित, ते ठिकाण विम्यापुरते सार्वजनिक होय. 1999 मध्ये मद्रासच्या पूर्णपीठानेही व्यापक अर्थच स्वीकारला. गेटवर पास दाखवून आत जाणारा हमाल, पाहुणा, ट्रकचा क्लीनर या अर्थात सामावला.

युरोपातही हा प्रश्न उगवला. स्लोव्हेनियात शेतघराच्या अंगणात मागे येणाऱ्या ट्रॅक्टरची ट्रॉली शिडीला लागली आणि शिडीवरचा माणूस पडला. 2014 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितले की वाहन त्याच्या नेहमीच्या कामासाठी वापरले जात असेल, तर खासगी जागेतही सक्तीच्या विम्याची व्याप्ती पोहोचू शकते. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्यावर 2022 मध्ये कायदा करून हा अर्थ आपल्यापुरता बाजूला सारला. आपल्याकडे संसदेने 2019 मध्ये मोटार वाहन कायदा मोठ्या प्रमाणावर दुरुस्त केला, पण कलम 146 मधले 'सार्वजनिक ठिकाणी' हे शब्द जागच्या जागी राहिले.

म्हणून 2025 च्या निकालाने एक नाजूक प्रसंग उभा केला आहे. करासाठी 'सार्वजनिक ठिकाण' अरुंद वाचले गेले : भिंत आणि पहारा असेल तर आवार खासगी. विम्यासाठी मुंबई आणि मद्रासने तेच शब्द रुंद वाचले : पास घेऊन आत जाता येत असेल तर आवार सार्वजनिक. कर हा रस्त्याच्या वापराचा मोबदला आहे, तर विमा इजेची हमी, म्हणून हेतूप्रमाणे अर्थ वेगळा असू शकतो, असे माझे मत आहे, आणि न्यायशास्त्रात त्याला आधारही आहे. पण पुढच्या एखाद्या अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीचा वकील विशाखापट्टणमचा निकाल समोर ठेवील आणि म्हणेल की या आवाराला भिंत होती, फाटकावर पहारा होता. त्या दिवशी मृताच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलाला 1988 चे पूर्णपीठ आठवावे लागेल.